गल्लीतल्या ओपन स्पेसमध्ये रानफुलं: कोल्हापूरसाठी वळीव ते गौरी, गौरी ते उन्हाळा

कोल्हापूरच्या जवळपास प्रत्येक कॉलनीत एखादा ओपन स्पेस असा असतो, की त्याच्या वाट्याला राडारोडा, हरळी आणि काँग्रेस गवत एवढंच येतं. तिथं लॉन करायची चर्चा दरवर्षी होते आणि पाणी कोण मारणार या प्रश्नापाशी थांबते. तेरडा, कुर्डू, कारळे, सब्जा, ताग, तरवड यांना तो प्रश्न नाही. ही सगळी आपल्या पावसाच्या हिशेबानं वाढणारी झाडं. मृगात पेरली की श्रावणापासून फुलायला लागतात आणि पाठोपाठ हिवाळी फुलं लावली तर फेब्रुवारीपर्यंत जागा रिकामी दिसत नाही.

याची गरज कोल्हापूरला जास्तच आहे. शहराभोवती सगळीकडं ऊस. उसाला तुरा येतो, पण त्याचं परागीभवन वाऱ्यावर होतं. मधमाशीला तिथं मध मिळत नाही. भुदरगड तालुक्यातलं पाटगाव ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जातं, ते तिथल्या जंगलाच्या फुलोऱ्यामुळं. शहरातल्या माशीला मात्र दारातली तुळस आणि रस्त्याकडेची एकदांडी यांवरच भागवावं लागतं.

आणि मधमाशी म्हणजे फक्त पोळं करणारी माशी नव्हे. सातेरी, आग्या, फुलोरी या पोळ्याच्या माश्या आपल्याला माहीत असतात. त्यांच्याखेरीज एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या शहरात आहेत. गुलाबाच्या पानाचे गोल तुकडे कापून नेणारी एक, पोटावर निळसर पट्टे असलेली चपळ माशी दुसरी, वाळक्या लाकडात भोक पाडून राहणारा काळा भुंगा तिसरा. गच्चीवरच्या वांगी-टोमॅटोच्या फुलातले पराग नुसत्या वाऱ्यानं नीट सुटत नाहीत. भुंगा किंवा ती निळ्या पट्ट्यांची माशी फूल घट्ट धरते, अंग थरथरवते, तेव्हा ते भराभर झडतात. सातेरीला हे जमत नाही. म्हणून पेट्या आणून ठेवण्यापेक्षा आहेत त्या माश्यांना फुलं आणि घरट्याला जागा देणं हे माझ्या मते शहरातलं पहिलं काम.

आधी माणसं

बी उगवणं सोपं असतं. अवघड असतं ते सप्टेंबरात कुणीतरी येऊन ‘गवत’ म्हणून सगळं कापून टाकू नये, हे बघणं. त्यामुळं सुरुवात माणसांपासून करा. तालीम मंडळ, महिला बचत गट, सोसायटीची कमिटी, शाळेचा हरितसेनेचा गट, यांपैकी जे आधीपासून चालू आहे त्याच्याच हाती हे काम द्या. कोल्हापुरात मंडळांची बांधणी इतकी पक्की आहे की नवी समिती काढायची गरजच नाही. पाच-सहा जण नियमित येणारे हवेत. बाकीचे फुलं आल्यावर आपोआप येतात.

जागा महापालिकेची असेल तर उद्यान विभाग आणि आपल्या भागाचं विभागीय कार्यालय, दोन्हीकडं लेखी अर्ज द्या. अर्जात जागेचा हातानं काढलेला नकाशा, किती चौरस मीटर, किती काळासाठी, देखभाल कोण करणार आणि कायमस्वरूपी बांधकाम काहीही करणार नाही, एवढं लिहा. शिवाय दोन विनंत्या न विसरता घाला: इथं तणनाशक मारू नये, आणि पावसाळ्यापूर्वीच्या सफाईत जेसीबी फिरवू नये. आवक क्रमांक घालून घेतलेली प्रत जपून ठेवा, ऑक्टोबरात कुणी विळा घेऊन आला तर तीच दाखवायची असते. जागा सोसायटीची असेल तर वार्षिक सभेत ठराव करून घ्या.

पहिल्या वर्षी फक्त दहा चौरस मीटर करा. उत्साह तेरड्याच्या रंगासारखा तीन दिवसांचा असेल, तर तो दहा मीटरमध्येच कळतो.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. जी फुलं गल्लीच्या उपयोगाची असतात, त्यांना गल्ली स्वतः राखते. आपल्याकडं गौरी तेरड्याच्या रोपांच्या असतात. तो तेरडा सणाच्या आदल्या दिवशी बाजारात जुड्या बांधून विकायला येतो, मुळासकट उपटून आणलेला. तोच तेरडा कॉलनीच्या वाफ्यात वाढवला, तर घराघरातल्या बायका गौरी आणायला तिथंच येतील. ‘आमच्या गौरीचा तेरडा’ झाला की त्यावर कुणी पाय ठेवत नाही. सोबत आघाडा आणि दुर्वा ठेवा. गणपतीच्या पत्रीलाही तिथलंच मिळेल. फुलपाखरांसाठी वाफा करू या म्हटलं तर चार जण येतात, गौरीसाठी तेरडा लावू या म्हटलं तर अख्खी गल्ली येते, आणि फुलपाखरांना त्यानं काहीच फरक पडत नाही.

जागा कुठं निवडायची

दिवसाला सहा तास ऊन हवं. वडापिंपळाच्या दाट सावलीत हे जमणार नाही. पंचगंगेच्या पुराचं पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये जिथवर आलं होतं, त्या भागात जूनची पेरणी धोक्याची. तिथं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी ओसरल्यावर हिवाळी पेरणी करा. पुराचा गाळ कसदार असतो आणि त्यावर गवत फार माजतं, म्हणून अशा जागी खुरपणीला दुप्पट वेळ धरा.

वाफा कट्ट्याजवळ असावा. लोक जिथं बसतात तिथं फुलं हवीत, फुलं आहेत तिथं लोकांनी चालत जावं अशी अपेक्षा धरू नये. आणि शक्य असेल तर तो एखाद्या अशा खिडकीतून दिसावा, जिच्याआड घराबाहेर पडू न शकणारं माणूस आहे. रॉजर उलरिख या संशोधकानं १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधंही कमी लागली. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना रोज सकाळी बघायला काही बदलतं मिळणं, ही या कामातली मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. जागा ठरवताना गल्लीत असं कोण आहे, याची आधी चौकशी करा.

जमीन: खत घालू नका

पहिल्याच दिवशी कुणीतरी शेणखताची ट्रॉली पाठवायला निघतं. प्रेमानं नाही म्हणा. कसदार मातीत गवत आणि तण जोर धरतं, रानफुलं मागं पडतात. मुरूम मिसळलेली, साधारण हलकी जमीन त्यांना चालते. काळी चिकट माती असेल तर थोडा मुरूम किंवा जाड वाळू मिसळून वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा, म्हणजे जुलैच्या संततधारेत पाणी साचणार नाही. विटांचे तुकडे, प्लॅस्टिक, काच वेचून काढा; बारीक खडे राहू द्या.

मार्च-एप्रिलमध्ये हरळी मुळासकट आणि लव्हाळा गाठींसकट खणून काढा. लव्हाळ्याची एक गाठ राहिली तरी महिनाभरात तो परत हजर. काढलेल्या गाठी कंपोस्टात टाकू नका, उन्हात करकरीत वाळवा.

यानंतरचं काम आपल्याकडं वळीव करून देतो. एप्रिल-मे मधल्या वळवाच्या सरी पडल्या की मातीतलं तणाचं बी उगवतं. ते दोन-चार पानांवर आलं की खुरप्यानं वरच्यावर खरवडून टाका, माती खोल उलटीपालटी करू नका. खोल खणलं की खाली दडलेलं तणाचं बी वर येतं. दुसरा वळीव, दुसरी खरवड. मृगापर्यंत तणाचा वरचा साठा बराच संपलेला असतो. या दोन खरवडींनी जुलैतली निम्मी खुरपणी वाचते, म्हणून त्या टाळू नका.

काय पेरायचं, काय नाही

ज्या आज्जी करवीर, कागल, राधानगरी भागातल्या खेड्यातून लग्न होऊन शहरात आल्या, त्यांना हाताशी धरा. कुर्डू, टाकळा, केना, आघाडा त्यांना रोपातच ओळखता येतात, आणि नावं सांगताना त्यांचा चेहरा फुलतो. खुरपणीत कोणतं ठेवायचं आणि कोणतं उपटायचं, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही.

दहा चौरस मीटरच्या वाफ्याला माझं मिश्रण असं असतं: तेरडा ८ ग्रॅम, कारळे ८ ग्रॅम, तीळ ५ ग्रॅम, सब्जा ५ ग्रॅम आणि कुर्डू फक्त २ ग्रॅम. कुर्डूचं बी बारीक असतं आणि तो पसरतोही जोरात. जास्त टाकला तर दुसऱ्या वर्षी बाकी काही दिसणार नाही. तेरडा एकेरी पाकळीचा घ्या. नर्सरीतल्या गच्च दुहेरी फुलात कीटकाला आत शिरायला वाट राहत नाही. साध्या तेरड्याच्या फुलामागं बारीक वाकडी नळी असते, मध तिच्या टोकाशी असतो आणि लांब सोंडेच्या माश्या व पतंग तिथवर पोचतात. कारळे म्हणजे आपल्या चटणीचेच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांच्या पिवळ्या फुलांवर सातेरीची अक्षरशः रांग लागते.

वाफ्याच्या मागच्या कडेला तागाचे तीस-चाळीस दाणे टोका. हिरवळीच्या खतासाठी शेतकरी तो घेतातच, त्यामुळं कृषी सेवा केंद्रात सहज मिळतो. फक्त बी रंगवलेलं, म्हणजे औषध चोळलेलं नको. ताग पुरुषभर वाढतो, मागची कडा त्यासाठीच. फुललेल्या तागापाशी सकाळी दहाच्या सुमारास थोडा वेळ उभं राहून बघा. भुंगा फुलावर उतरला की त्याच्या वजनानं खालच्या जोडपाकळ्या दबतात, टोकातून परागाचा पिवळा ठिपका बाहेर येऊन त्याच्या पोटाला चिकटतो, आणि भुंगा उडाला की पाकळ्या पुन्हा मिटतात. हलक्या माशीचं वजन त्याला पुरत नाही. मुलांना हे एकदा दाखवलं की परागीभवन शिकवावं लागत नाही.

कायमची झुडपं कोपऱ्यांना लावा: तरवड, कोरांटी, अडुळसा, निर्गुडी. तरवड बहुतेक वर्षभर थोडाफार फुलतो, कोरांटी आणि अडुळसा थंडीत फुलतात, म्हणजे रानफुलं वाळल्यावरही चारा राहतो. फुलपाखरांना मध लागतो तसा अळ्यांना पालाही लागतो. रुईवर प्लेन टायगरची अळी वाढते, टाकळा-तरवडावर पिवळ्या फुलपाखरांची, लिंबू आणि कडीपत्त्यावर मॉर्मनची. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉर्मन लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं. तेव्हा पानं कुरतडलेली दिसली की औषध शोधू नका, वाफा कामाला लागला असं समजा. खुळखुळ्याची दोन-तीन झाडं असतील तर ब्लू टायगर आणि कॉमन क्रो यांचे नर त्याच्या वाळक्या फांद्यांवर घोळक्यानं बसतात. त्यातली रसायनं शोषून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात.

खेळणाऱ्या लहान मुलांच्या हाताशी मात्र धोत्रा, कळलावी आणि खुळखुळ्याच्या शेंगा नकोत, तिन्ही विषारी. रुईचा चीकही डोळ्यात जाऊ देऊ नये. घाणेरी लावू नका. फुलपाखरं येतात हे खरं, पण पक्षी तिची फळं खाऊन बी डोंगरापर्यंत नेतात. ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ म्हणून ऑनलाइन मिळणारी रंगीत पाकिटंही टाळा. त्यात बहुधा पिवळा-केशरी कॉसमॉस असतो, आणि पुण्याच्या टेकड्यांवर तो बागेतून सुटून कसा पसरला आहे, हे कुणीही जाऊन बघावं.

मसाई पठार, कास किंवा राधानगरीच्या जंगलातून एकही रोप, एकही शेंग आणू नका. अभयारण्यातून वनस्पती काढणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहेच. शिवाय ती फुलं इथं जगतही नाहीत. सीतेची आसवं जांभ्या दगडावरच्या बोटभर मातीत, साचलेल्या पावसाच्या पाण्यात वाढतात. ती तुमच्या कॉलनीत आणणं म्हणजे त्यांना मारणं. बी गोळा करायचं ते रस्त्याकडेचं, किंवा शेतकऱ्याला विचारून बांधावरचं, आणि दहातल्या एखाद्याच झाडाचं.

पेरणी

मृगाचा पहिला चांगला पाऊस होऊन माती वीतभर ओली झाली की पेरा, साधारण ७ ते २० जूनच्या दरम्यान. उशीर केला तर जुलैच्या धो-धो पावसात बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. सगळं बारीक बी अर्धा किलो कोरड्या वाळूत नीट मिसळा. वाळूमुळं बी कुठं पडलं ते दिसतं आणि सारखं पसरतं. निम्मं मिश्रण वाफ्याच्या लांबीनं फेका, उरलेलं रुंदीनं. मग फळी ठेवून तिच्यावर चाला, म्हणजे बी मातीला चिकटतं. वरून माती टाकू नका. बारीक बियांना उजेड लागतो. ताग मात्र बोटाच्या पेराएवढा खोल टोका. तरवड आणि गोकर्णाचं बी टणक असतं, ते काचकागदावर जरा घासून रात्रभर पाण्यात भिजवा.

पहिले तीन आठवडे पावसानं उघडीप दिली तर झारीनं पाणी द्या. पाइपच्या धारेनं देऊ नका, कोवळी रोपं उखडतात. रोपं चार बोटं झाली की विरळणी करा, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. काढलेली तेरड्याची रोपं शेजाऱ्यांना कुंडीसाठी वाटा. कुर्डूच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. जागा स्वच्छ असेल, कुत्र्यांची आणि सांडपाण्याची वर्दळ नसेल, तरच करा.

जुलै-ऑगस्ट: ‘गवात कापणार कधी?’

हा सगळ्यात नाजूक काळ. रोपं वाढलेली, फुलं नाहीत, आणि जाणारायेणारा विचारतो, “काय भावा, गवात वाढवलंय व्हय?” यावर दोन उपाय आहेत. वाफ्याच्या चारी बाजूंनी तीन फुटांची पट्टी कायम बारीक कापलेली ठेवा आणि कडेला विटा लावा. कडा नीट असली की मधलं वाढलेलं मुद्दाम राखलंय, हे लोकांना दिसतं. सापकिरड्याची भीतीही त्यानं बरीच कमी होते. दुसरं, ठळक अक्षरात पाटी लावा: ‘गौरीचा तेरडा आणि फुलपाखरांचा चारा. कृपया कापू नये. – अमुक मंडळ’.

दर रविवारी सकाळी तासभर खुरपणी ठेवा, त्याच वेळी आणि त्याच ठिकाणी, पाऊस असला तरी छत्री घेऊन. काँग्रेस गवत फुलायच्या आधी, हातमोजे घालून उपटा; त्याच्या परागांनी अनेकांना खाज आणि दमा होतो. रानफुलांमुळं ॲलर्जी होईल, अशी शंका बरेच जण काढतात. कीटकांमार्फत पसरणारे पराग जड आणि चिकट असतात, ते वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. त्रास प्रामुख्यानं गवतांच्या आणि काँग्रेसच्या परागांचा असतो, हे त्यांना नीट समजावून सांगा.

या रविवारच्या तासाला चहा हवाच. निवृत्त झालेले, मुलं परगावी गेलेले, नव्यानं कॉलनीत आलेले असे लोक त्या तासाला येऊ लागतात. कुणाला वाकवत नसेल तर बी निवडायला बसवा, कुणाला बोलायचं नसेल तर खुरपं द्या. इथं गप्प राहून काम करणाऱ्यालाही सोबत मिळते, आणि मन थकलेल्या माणसाला कधीकधी तेवढंच झेपतं.

घरटी, पाणी, फवारणी

एकट्या राहणाऱ्या अनेक माश्या उघड्या मातीत बीळ करतात. वाफ्याच्या उन्हाच्या कडेला हातभर जागा मुद्दाम मोकळी, न खणलेली ठेवा. बांबूच्या एका बाजूनं बंद, पेन्सिल जाईल एवढ्या भोकाच्या नळ्यांची जुडी पावसापासून आडोशाला बांधा. पूर्वेकडं तोंड करून. पाण्यासाठी उथळ मातीची परात, आत खडे, आणि एक दिवसाआड ओतून नवं पाणी, नाहीतर डास होतील. डेंग्यूच्या दिवसांत धूरफवारणीची गाडी येते. वाफा फुलात आहे, इथं थेट मारू नका, असं फवारणी करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. आग्याचं पोळं लागलं तर दगड नको, धूर नको, मुलांना लांब ठेवा. ते बहुधा हंगाम संपला की आपणहून जातं.

दसऱ्यानंतर

ऑक्टोबरमध्ये वाळलेला तीळ-सब्जा जिथं संपला तिथं धणे, मोहरी, मेथी, जवस, बडीशेप टाका. स्वयंपाकघरातलंच बी चालतं, फक्त धणे हातानं रगडून दोन फाका करा. या पेरणीला सुरुवातीचा महिना आठवड्यातून दोनदा पाणी लागेल. धण्याची आणि बडीशेपेची बारीक छत्रीसारखी फुलं छोट्या माश्यांना फार सोयीची, कारण मध वरच असतो.

जानेवारी-फेब्रुवारीत बी झडून गेल्यावर निम्मा वाफा वीतभर उंचीवर कापा, उरलेला महिन्यानं. पोकळ काड्यांत माश्यांची अंडी असतात. कापलेला पाला वाफ्यात कुजू देऊ नका, उचलून कंपोस्टात न्या, म्हणजे माती कसदार होत नाही. पेटवून तर मुळीच द्यायचं नाही.

काम जमतंय की नाही, हे मोजून बघा. उन्हाच्या दिवशी सकाळी हातभर बाय हातभर चौकोन ठरवा, दहा मिनिटं त्यात येणारे सगळे मोजा: मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं, इतर माश्या. दर महिन्याला तोच चौकोन, तीच वेळ. हे काम आठवी-नववीची मुलं उत्तम करतात. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले तर ओळख पटवायला जाणकार मदत करतात, आणि सप्टेंबरात देशभर चालणाऱ्या बिग बटरफ्लाय मंथ या फुलपाखरं नोंदवण्याच्या उपक्रमातही तुमच्या नोंदी जाऊ शकतात.

बी धरायचं ते तेरड्यापासून. त्याची बोंडं फुगून फिकट झाली की हात लागताच फुटतात आणि बी उडतं, म्हणून आधीच झाडावर जुन्या मलमलीच्या छोट्या पिशव्या बांधा. गौरी विसर्जनाआधी पूजेतल्या तेरड्याची पिकलेली बोंडंही काढून घ्या. कुर्डूचा तुरा कागदावर झटकला की काळं चकचकीत बी पडतं. सगळं सावलीत वाळवून कागदी पाकिटात घाला. प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. पाकिटावर फुलाचं नाव, जागा, महिना लिहा आणि कडुलिंबाचा वाळका पाला घालून स्टीलच्या डब्यात ठेवा. एप्रिलमध्ये निम्मं बी स्वतःसाठी काढा, निम्मं शेजारच्या मंडळाला द्या, आणि सोबत महापालिकेला दिलेल्या अर्जाची नक्कलही द्या, म्हणजे त्यांना मजकूर नव्यानं लिहीत बसावं लागणार नाही.